रंगूनच्या चकत्या

आप्पा,

तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, जे होतं ते लिहायची छाती झाली नाही. गेल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ घर विचारत विचारत शहापुरात आले. रंगूनवर बॉम्ब पडायला लागल्यावर कुठल्यातरी शेवटच्या बोटीत त्यांना उभ्यापुरती जागा मिळाली, मद्रासला उतरले, लोंढ्याला गाडी बदलून बेळगावात आले. पुढं त्यांना कोगनोळीला भावाकडं जायचं होतं. हातात एक पिशवी, पायात कुणाच्यातरी मोठ्या मापाच्या चपला. तुमच्याबरोबर रंगूनला एकाच खोलीत राहिलेले ते. तुम्ही गेलात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ नुसते समोरच्या घरातल्या मागाचा आवाज ऐकत राहिले. त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढं लिहितेच. पण त्याआधी माझं सांगायला हवं, नाहीतर त्यांच्या बोलण्यानं माझं काय झालं ते तुम्हाला कळायचं नाही.

तुम्ही रंगूनहून कायमचे परत आलात तेव्हा मी बारा वर्षांची होते. प्लेगात आई गेली तेव्हा पाच वर्षांची, त्यामुळं मधली सात वर्षं आत्याच माझं सगळं. तुम्ही म्हणजे वर्षातून दोनदा येणारं पत्र. त्या दिवशी टांग्यातून एक उंच, वाळलेला माणूस उतरला आणि आत्या म्हणाली, ‘‘पाया पड, तुझा बा हाय ह्यो.’’ मी पाया पडले आणि आत पळाले. मग तुम्ही ट्रंक उघडलीत. बाकीच्या बापांच्या ट्रंकेतून काय निघतं ते मला माहीत होतं, शेजारच्या पोरींनी सांगितलं होतं. तुमच्या ट्रंकेतून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या दोन गठड्या निघाल्या. एकीत सात, दुसरीत सात, भाकरीएवढ्या काळ्या चकत्या. आत्यानं एक हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, ‘‘ह्या चिनी शेण्या कशाला आनल्यास रं? हितं काय शेण्या मिळंनात व्हय?’’ तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी.

तो चहा होता हे कुणालाच पटत नव्हतं. आमच्या गल्लीत तेव्हा चहा म्हणजे सर्दी-तापाला द्यायची गोष्ट, तीही गूळ आणि आलं घालून. आणि हा तर दाबून, वाळवून, वर्षानुवर्षं ठेवून मुरवलेला. जुना होईल तसा चांगला होतो, असं तुम्ही सांगायचात आणि लोक एकमेकांकडं बघायचे. खानापूरच्या कुंभाराकडून तुम्ही बिनझिलईचा एक रांजण करून आणलात, त्याला जाड मातीचं झाकण. तो माजघरात ठेवला, कारण स्वयंपाकघरात धूर आणि हिंग, पुढच्या खोलीत उदबत्ती, मागं गोठा. चहा भोवतीचा वास ओढून घेतो, म्हणून त्याला कुठल्याच वासाच्या शेजारी ठेवायचं नाही. उन्हाळ्यात रांजणावर नुसतं ओलसर फडकं. आपल्याकडं पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, तेव्हा झाकण घट्ट, वरून कापड गच्च बांधलेलं, आणि चार-पाच दिवसांनी एखादी उघडीप मिळाली की चकत्या काढून, बघून, वरच्या खाली आणि खालच्या वर करून परत ठेवायच्या. बुरशी धरली की सगळं गेलं. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. म्हणून तर मला नाही कळलं असं म्हणता येत नाही.

पहिल्यांदा तुम्ही चहा केलात तो एक रविवार होता. तुम्ही कारकून होतात त्या वकिलांची कचेरी बंद. तुम्ही शेगडी माजघरात आणलीत, कोळसे चांगले लाल होऊन धूर जाईपर्यंत अंगणात ठेवून. आरीनं चकतीची एक कड अलगद सोडवलीत. लहानशा मातीच्या किटलीत ती पानं, त्यावर उकळतं पाणी, आणि ते पहिलं पाणी सरळ ओतून दिलंत. मी म्हटलं, ‘‘टाकलंसा का?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘झोपलेला असतोय. आधी तोंड धुवायचं त्येचं.’’ मग दुसरं पाणी बिनकानाच्या दोन वाट्यांत. मी तोंडाला लावणार तर तुम्ही हात धरलात. ‘‘आक्का, आधी वास घे. घाई करू नगंस.’’ मी एकुलती एक, ना थोरली ना धाकटी, तरी तुम्ही मला आक्का म्हणायचात. मी वास घेतला. ओल्या लाकडाचा, जुन्या पेटीचा. प्याले तर कडू. मी तोंड वाकडं केलं तर तुम्ही म्हणालात, ‘‘थांब थोडं.’’ आणि खरंच, घोट खाली गेल्यावर कुठूनतरी मागून गोडी आली, घशातून वर. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याचकडं बघत होतात. सात वर्षांची अनोळख त्या एका वाटीत गेली असं मी पुढं मनात कितीदा म्हटलं असेल.

चौदाव्या वर्षी तुम्ही माझं लग्न निपाणीला करून दिलंत. तंबाखूचं घर. निघताना तुम्ही सातांची एक न फोडलेली गठडी माझ्या ट्रंकेत ठेवलीत. आत्या म्हणाली, ‘‘सासरी पोरगी ह्या शेण्या घिऊन जानार? हसत्याल की लोक.’’ तुम्ही ट्रंकेचं झाकण लावलंत. तुमच्याकडच्या दोन गठड्यांपैकी ती एक होती, म्हणजे तुमच्याजवळ होतं त्यातलं अर्धं, हे तेव्हा मला दिसलं होतं पण कळलं नव्हतं. निपाणीच्या घराला खाली राहायची जागा आणि वर वखार. छपरापर्यंत तंबाखूचे बांधलेले गठ्ठे. तो वास भिंतींत, अंथरुणांत, दुधात. मी नवी सून, ट्रंक कुठं ठेवायची ते सांगायची माझी काय ताकद? माझे यजमान मात्र चांगले होते. दुपारी सगळे वामकुक्षीला गेले की आम्ही दोघं न्हाणीघराच्या मागं बसून तुमच्यासारखा चहा करायचो. ते म्हणायचे, ‘‘तुझ्या आप्पांचा काढा काय वाईट न्हाय गं.’’ त्यांना त्यात तंबाखूचा वास येतच नव्हता, जन्मापासून त्यातच वाढलेले ते. मला येत होता. आम्ही मिळून दोन चकत्या संपवल्या. मग मानमोडीच्या तापाची साथ आली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. मी वीस वर्षांची होते.

महिन्याभरानं सासरच्या गाडीवानानं मला आणि माझ्या ट्रंकेला आपल्या दारात सोडलं. आत्यानं मला कवटाळून हंबरडा फोडला. तुम्ही उंबऱ्यात उभे होतात. पुढं आला नाहीत. आत्या ट्रंकेतलं एकेक काढून ठेवू लागली तेव्हा तुम्ही वाकलात, ती गठडी उचललीत, नाकाशी धरलीत. ‘‘तंबाकू,’’ तुम्ही म्हणालात. आणि मग माझ्याकडं न बघता, ‘‘हे माझ्या चहाजवळ आणू नगंस.’’ गठडी घेऊन तुम्ही बाहेर गेलात आणि ओट्याच्या तुळईला टांगलीत. आप्पा, मी तीन दिवस जेवले नव्हते. माझ्या हातांवर बांगड्या फोडलेल्या जागी अजून खपल्या होत्या. सहा वर्षांनी घरी आलेल्या पोरीला तुम्ही बोललेलं पहिलं वाक्य ते. मला वाटलं, गठडीला नव्हे, मलाच म्हणालात. विटलेलं घरात नको. ती समजूत मी कधी कुणाला सांगितली नाही, तुम्हाला तर नाहीच. मनात मात्र धरून ठेवली.

पुढचं सगळं त्या समजुतीच्या विरुद्ध होतं आणि तरीही ती सुटली नाही. दुसऱ्या महिन्यात तुम्ही पाटी आणलीत, मग वह्या. रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर दिव्यात तेल घालायच्या आधी तास-दीड तास मला शिकवायचात. गणित, व्याकरण, भूगोल. आत्या कुरकुरायची, ‘‘आता शिकून कुनाचं घर चालवनार हाय ती?’’ तुम्ही म्हणायचात, ‘‘सोताचं.’’ रोज कामावर जाण्याआधी ती बाटलेली गठडी तंबाखूचा वास उडावा म्हणून वाऱ्याच्या बाजूला सरकवायचात, पावसाची सर आली तर धावत जाऊन आत घ्यायचात. मी ते बघून मनात म्हणायची, चहाची काळजी आहे. चार वर्षांनी मी व्हर्नाक्युलर फायनल पास झाले. तुम्ही पेढे वाटले नाहीत, रांजणातली चकती काढून चहा केलात. पुढच्या वर्षी खानापूरच्या मुलींच्या शाळेतून कागद आला. शिक्षिकेची जागा, राहायला एका विधवा बाईंच्या घरी खोली. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं. तो कागद मी किती वेळा वाचला असेल! उशीखाली ठेवून झोपायची. माझी ट्रंक भरलेली होती, आप्पा. त्यात काही तंबाखूचं नव्हतं.

निघायच्या दोन दिवस आधी सकाळी माजघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. तुम्ही रांजणाजवळ आडवे होतात. चकत्या बघायला झाकण काढलेलं आणि तेवढ्यात अर्धांगवायूचा झटका. तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात लुळा. वैद्य आले, डॉक्टर आले. शेजाऱ्यांनी तुम्हाला पुढच्या खोलीत आणून निजवलं. आत्याचे गुडघे गेलेले, तुम्हाला कुशीवर करणंसुद्धा तिला जमेना. मी खानापूरला पत्र टाकलं, येऊ शकत नाही म्हणून. ते टाकायला मी स्वतः चालत गेले. कुणी मला सांगितलं नव्हतं की जाऊ नकोस. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कुणावर तरी राग धरता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजघर सारवायला गेले तर झाकण रांजणाशेजारी जमिनीवर पडलेलं. फुटलं नव्हतं. रांजणात तुमच्या चार चकत्या उघड्या. बाहेर पाऊस लागलेला, भिंतींना पाणी सुटलेलं. मी झाकण बघितलं. बाजूनं सारवून घेतलं आणि बाहेर आले. तिसऱ्या दिवशीही बघितलं. आषाढ संपेपर्यंत रोज त्याच्या अंगावरून ये-जा केली, श्रावणातही. तुमचं अंग पुसायचं, पेज भरवायची, चादरी धुवायच्या, वाळत नाहीत म्हणून शेगडीवर धरायच्या. हातांना क्षणाची उसंत नव्हती हे खरं. पण झाकण ठेवायला क्षणच लागतो. मी ते विसरले नव्हते. भाद्रपदात उघडीप मिळाली तेव्हा आत बघितलं तर चारही चकत्यांवर लोकर उगवावी तशी पिवळी-हिरवी बुरशी, आणि कुजल्याचा वास. मी त्या सुपात भरून मागच्या उकिरड्यावर टाकल्या. आत्यानं विचारलं, ‘‘काय टाकलंस गं?’’ मी म्हटलं, ‘‘शेण्या.’’

आणि त्याच आठवड्यात तुमची जीभ सुटली. बोबडं, ओढून, पण कळेल असं. पहिला शब्द पाणी, दुसरा आक्का, तिसरा चहा. मी ओट्यावर गेले. तुळईला टांगलेली गठडी सोडली, वाऱ्यावर असल्यामुळं बुरशीतून वाचलेल्या पाच चकत्या होत्या. सगळं तुम्ही शिकवल्यासारखं केलं. पहिलं पाणी टाकलं, दुसरं वाटीत घेऊन तुमच्या नाकाशी धरलं. मला वाटलं, आता ओळखणार. तुम्ही वास घेतला आणि तुमचे डोळे भरले. ‘‘वासच येईना गं,’’ तुम्ही म्हणालात. झटक्यात नाक गेलेलं, जिभेची चवही गेलेली. घोट घेऊन मला विचारलंत, ‘‘कसा झालाय? तू सांग.’’ आणि मी सांगितलं. ओल्या लाकडाचा वास येतोय. जुन्या पेटीचा. आधी कडू, मग मागून गोड. तुम्ही डोळे मिटून मान हलवत होतात, जणू मी म्हणत होते ते तुम्हाला दिसत होतं. मग रोजचंच झालं. सात महिने, रोज दुपारी एक वाटी. मी तंबाखूच्या वासाचा चहा करायची आणि तुमच्या गेलेल्या चहाचं वर्णन करायची. तुम्ही म्हणायचात, ‘‘औंदा लई चांगला मुरलाय.’’ मी व्हय म्हणायची.

चैत्रातली दुपार. तुम्हाला तक्क्याला टेकवून बसवलेलं. मी वाटी नाकाशी धरली आणि तुम्ही एकदम सावरून बसलात. ‘‘थांब,’’ म्हणालात. परत वास घेतलात. तुमचा चेहरा उजळला, खरंच, वाकडं झालेलं तोंडसुद्धा सरळ झाल्यासारखं वाटलं. ‘‘आक्का, वास आला! लई दिसांनी वास आला गं!’’ तुम्ही लहान मुलासारखे हसलात. तिसऱ्यांदा नाक वाटीजवळ नेलंत आणि हसू हळूहळू गेलं.

‘‘तंबाकू हाय ह्यो,’’ तुम्ही म्हणालात.

तुम्ही माझ्या हातातून वाटी घेतलीत.

‘‘माझा कुठाय?’’

‘‘संपला, आप्पा.’’

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. चार चकत्या सात महिन्यांत संपत नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? डाव्या हातानं तुम्ही वाटी खाली ठेवलीत, सांडू न देता. ‘‘बरं,’’ म्हणालात. आणखी काही विचारलं नाहीत. त्यानंतर चहाही मागितला नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

खानापूरची जागा तोवर दुसऱ्या कुणाला मिळाली होती. मी परत कुठं अर्ज केला नाही. आत्या होती तोवर तिचं केलं, मग तीही गेली. आता गल्लीतल्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून देते, पोरींना वाचायला शिकवते. माझ्याविषयी कुणाला वाईट बोलता येणार नाही असं आयुष्य झालं. बापाची सेवा केली म्हणून लोक आजही नाव काढतात. ते ऐकताना मी पदर सारखा करते आणि दुसरं काही बोलते.

आणि मग गेल्या महिन्यात ते म्हातारे आले. मी त्यांना दूध-साखरेचा चहा दिला, आता तो घरोघरी असतो. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, ‘‘तुजा बा असला पीत नव्हता.’’ मग त्यांनी सांगितलं. आई गेल्याचं पत्र तुम्हाला दीड महिन्यानं मिळालं होतं. तुम्ही जेवण सोडलंत. कामावर जाईनासे झालात. एकदा नदीच्या धक्क्यावरून त्यांनीच तुम्हाला दंडाला धरून परत आणलं. खोलीच्या खाली एका चिनी माणसाचं चहाचं दुकान होतं. त्यानं वर येऊन तुमच्या हातात एक चकती ठेवली आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की हा आज प्यायचा नाही, दहा वर्षांनी प्यायचा, तोवर दर चार दिवसांनी बघायचा, नाही बघितला तर मरतो. दुसऱ्या वर्षी तुम्ही दुसरी घेतलीत, मग आणखी. ‘‘एकदा मी त्येला इचारलं,’’ ते म्हातारे म्हणाले, ‘‘आता बरं हाय का म्हणून. तर म्हनला, जायचं तर हाय रं, पर ह्या चकत्या कोन बघनार.’’ मग त्यांनी वाटी खाली ठेवून विचारलं, ‘‘त्यातली एखादी शिल्लक असंल का गं बाळ? नुसता वास घ्यायला?’’

मी नाही म्हटलं. ते उठले, मोठ्या चपला ओढत गल्लीच्या टोकाला गेले. मी दारात उभी होते. तुम्ही मला त्यातलं अर्धं दिलं होतं आणि उरलेलं अर्धं मी जमिनीवरच्या झाकणाशेजारी सडू दिलं. वाऱ्याला सरकवायचात ती गठडी का सरकवायचात, पाच वर्षं, ते मला आता कळतं. आणि कळून कुणाला काय मिळणार आहे? तुम्ही ऐकायला नाही. क्षमा मागायची तर ज्याच्याकडं मागायची तो सहा दिवस माझ्यासमोर होता. त्या सहा दिवसांत मी त्याचं अंग पुसलं, पेज भरवली आणि तोंड उघडलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं? टपालात टाकण्यासारखं नाही, जाळायला मन होत नाही. घडी करून असंच कुठंतरी, कपाटाच्या तळाशी ठेवीन. मी गेल्यावर जो कोणी घर झाडेल तो कागद म्हणून टाकून देईल. पण एवढं लिहिलंच आहे तर राहिलेलं एक लिहिते. त्या दुपारी ‘माझा कुठाय’ असं तुम्ही विचारलंत, मी ‘संपला’ म्हटलं आणि तुमचा चेहरा उतरताना बघितला, तेव्हा मला रडू आलं असं मी आत्याला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला रडू नंतर आलं. तेव्हा, वाटी खाली टेकेपर्यंत, मला बरं वाटलं होतं.